फेणेला मोठे कोणी केले?

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघणार अशी बातमी आली की वाचक आधी हरखतो आणि लगेच धास्तावतो. हरखतो, कारण इतकी वर्षे ज्याला मनात पाहिले तो आता चालता-बोलता समोर येणार. धास्तावतो, कारण मनातला तो आणि पडद्यावरचा तो एकच असेल, याची हमी कोणी देत नाही. पोर पहिल्यांदा परगावी शिकायला निघाले की आईबापांचा जीव जसा वरखाली होतो, तशीच ही अवस्था. पोर शिकून शहाणे होऊन येईल हे खरे. पण ते आपलेच राहील ना?

मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी हा अनुभव २०१७ साली घेतला. त्या वर्षी २७ ऑक्टोबरला ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. भा. रा. भागवतांनी जन्माला घातलेला फुरसुंगीचा बनेश फेणे मोठ्या पडद्यावर आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, निर्मात्यांत रितेश देशमुख, पडद्यावर अमेय वाघ, खलनायक गिरीश कुलकर्णी, आणि साक्षात भा. रा. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. एवढी जय्यत तयारी. चित्रपट चालला, लोकांना आवडला. तरीही ज्यांनी फेणे आधी पुस्तकात वाचला होता, त्यांतले अनेकजण चित्रपटगृहाबाहेर पडले ते काहीसे गप्प होऊन. चित्रपट वाईट नव्हता. मग बिनसले कोठे?

ज्यांच्या घरात ही पुस्तके कधी आली नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. भागवतांचा फेणे हा शाळकरी पोरगा. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा. अंगाने काडी, पण सायकलवर बसला की वारा. तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढायची सवय आणि जेथे जाईल तेथे काहीतरी घडण्याचा योग. भागवतांनी त्याच्यावर सुमारे २० पुस्तके लिहिली. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ अशी त्यांची नावे जरी वाचली तरी हा पोरगा किती हिंडला असेल याचा अंदाज येतो. आणि इतके हिंडूनही तो कधी मोठा झाला नाही. वाचणारी मुले मोठी झाली, त्यांची मुले मोठी झाली. फेणे मात्र शाळेतच राहिला.

ज्या बीड शहराला रेल्वेची शिट्टी ऐकायला २०२५ साल उजाडावे लागले, तेथल्या मुलांना हा पोरगा आपला वाटला यात नवल नाही. पुणे आमच्यापासून लांब, काश्मीर तर त्याहून लांब. पण सायकल मात्र बिंदुसरेच्या काठीही होती. आष्टी-पाटोद्याच्या माळावर सायकल दामटणाऱ्या पोराला फेणे होण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, पैसा लागत नव्हता, इंग्रजीही लागत नव्हते. उडते गालिचे आणि जादूच्या अंगठ्या ‘चांदोबा’त होत्या, पण त्या आपल्या हाती लागणार नाहीत हे मुलांना ठाऊक होते. भागवतांची खुबी अशी की त्यांनी अद्भुताला सायकलीचे पायडल लावले. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या, ‘चंद्रावर स्वारी’ घडवली. चंद्रावर जाता येते असे सांगणाऱ्या लेखकालाच फुरसुंगीच्या पोराकडून चमत्कार घडवून घेता आले. फेणेच्या गोष्टींना साहसकथा म्हणा की कल्पनारम्य कथा, मुलांनी त्या वाचल्या त्या स्वप्नासारख्याच.

वय बदलले, गोष्ट बदलली

आता चित्रपटाकडे वळू. तेथला बनेश वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यायला पुण्याला येतो. तेथे ओळख झालेल्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू होतो. हा मृत्यू साधा नाही असे बनेशला वाटते आणि शोध घेता घेता तो प्रवेश परीक्षेच्या काळ्या धंद्यापर्यंत जाऊन पोहोचतो. कथा घट्ट आहे. गिरीश कुलकर्णींचा अप्पा अंगावर काटा आणतो. प्रभावळकरांचे भागवत पाहून डोळे ओलावतात. सायकल आहे, ‘टॉक्’ही आहे. म्हणजे खुणा सगळ्या आहेत. नाही तो फक्त मुलगा.

वाचकाची तक्रार येथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण चित्रपटवाले तिला नेहमी एकच उत्तर देतात: ‘पुस्तक वेगळे, चित्रपट वेगळा. माध्यम बदलले की बदल करावेच लागतात.’ हे कोणी नाकारलेले नाही, आमच्या जिल्ह्याने तर मुळीच नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात कागद सोडून सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहिले. ती पासोडी आजही अभिमानाने दाखवली जाते. कागद जाऊन कापड आले म्हणून आशय बाटला, असे कोणी म्हटले नाही. माध्यम बदलले याचे वाचकाला वाईट वाटत नाही. गाभा हरवला तर वाटते.

गाभा म्हणजे काय, हे प्रत्येक पुस्तकाचे वेगळे असते. याच अंबाजोगाईला १९८३ साली ज्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चेच पाहा. ती कादंबरी १९५५ ची आणि तिच्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. मध्ये ४० वर्षे गेली. पण माणदेशाचा उजाड माळ, तेथली मेंढरे आणि शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर हा त्या पुस्तकाचा गाभा पडद्यावर राहिला. राहीला पाहून हरखावे असा दुसरा दाखला ‘तुंबाड’चा. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या या हिंदी चित्रपटामागे नारायण धारपांच्या कथांची प्रेरणा आहे. धारपांची एकही कथा त्यात जशीच्या तशी नाही. तरी धारप वाचलेला माणूस तो पाहताना मान डोलावतो, कारण ओलसर वाडा, दारामागचे काहीतरी आणि माणसाची हाव हे जग धारपांच्या वाचकाच्या ओळखीचे आहे. प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा बेताचीच गर्दी झालेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. थोडक्यात, गोष्ट बदलूनही पुस्तकाशी इमान राखता येते.

मग फेणेचा गाभा कोणता? सायकल नव्हे, ‘टॉक्’ नव्हे, फुरसुंगीही नव्हे. फेणेचा गाभा म्हणजे त्याचे लहान असणे. मोठ्यांच्या जगात एक काडीसारखा पोरगा घुसतो आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते. गंमत या विषमतेत आहे. तेच साहस वीस-बावीस वर्षांच्या दिसणाऱ्या तरुणाने केले की तो फक्त आणखी एक नायक होतो. असे नायक चित्रपटात पैशाला पासरी मिळतात. म्हणून वय बदलणे हा बारीकसारीक बदल नव्हता. वय काढले आणि फेणे निघून गेला. उरले ते नाव.

मूल पडद्यावर चालत नाही?

निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. लहानपणी फेणे वाचणारे वाचक आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, तिकिटे तेच काढणार. मुले एकटी चित्रपटाला जात नाहीत. मोठा नट घेतला की जाहिरात सोपी, वाहिन्यांना विकणे सोपे. व्यवहार म्हणून हे समजते. पण यामागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, की लहान मुलाच्या खांद्यावर चित्रपट पेलत नाही. मराठी चित्रपटाचाच इतिहास ही गोष्ट खोटी ठरवतो.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ काढला. माधव वझे यांचा श्याम लहानच होता आणि चित्रपटभर श्यामच राहिला. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळाले. फेणेचेच म्हणाल, तर १९८७ साली दूरदर्शनवर मालिका आली होती, तेव्हा फेणे झाला होता सुमीत राघवन, जो स्वतः तेव्हा पोरगाच होता. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर सुजय डहाके यांनी चित्रपट केला, तो २०१२ मध्ये लागला; त्यातली मुले नववीचीच राहिली. आणि सायकलच हवी असेल तर परेश मोकाशींचा २०१४ चा ‘एलिझाबेथ एकादशी’ आठवावा. पंढरपुरातले एक पोर, त्याची सायकल, यात्रेतली धांदल. एवढ्या भांडवलावर तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला आणि त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुलगा आणि सायकल ही जोडी चालत नाही, असे २०१७ मध्ये म्हणायला जागा नव्हती.

बंगालकडे पाहिले तर हेवा वाटतो. सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये आपले आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या गोष्टीवरून ‘गुपी गाइन बाघा बाइन’ काढला. छोट्या गोष्टीत त्यांनी पुष्कळ भर घातली. पण भुतांच्या राजाने दिलेले वर आणि त्या दोन भोळ्यांचा आनंद यांना धक्का लावला नाही. पुढे १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ आला, तोही मुलांसाठीच. जगभर नावाजलेला हा दिग्दर्शक मुलांसाठी चित्रपट काढताना आपली उंची कमी झाली असे मानत नव्हता. आपल्याकडे मुलांवरचे चित्रपट उत्तम निघाले. ‘श्वास’, ‘टिंग्या’, ‘फँड्री’, ‘किल्ला’ यांनी मराठीची मान उंचावली. पण त्यांतले मूल बहुधा दुःखात आहे आणि त्याला पाहून रडणारा प्रेक्षक मोठा आहे. मुलाने मुलासाठी केलेला दंगा, निखळ साहस, ‘पुढे काय?’ म्हणून खुर्चीच्या कडेवर येऊन बसणे, हे आपल्या पडद्यावर फार कमी. फेणेने ती उणीव भरून काढावी, ही वाचकाची अपेक्षा अवास्तव होती काय?

अशी निराशा आपल्याच वाट्याला आली असे नाही. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाची १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली न संपणाऱ्या गोष्टीची कादंबरी जगभरच्या मुलांची लाडकी. एक एकलकोंडा मुलगा पुस्तक वाचता वाचता त्या पुस्तकातच शिरतो, अशी ती कल्पना. १९८४ मध्ये तिच्यावर मोठा खर्चिक चित्रपट निघाला आणि त्यात पुस्तकाचा जेमतेम पूर्वार्धच आला. एंडे इतके संतापले की त्यांनी आपले नाव काढायला लावले, न्यायालयात गेले आणि तेथे हरले. चित्रपट मात्र गाजला. आजही तो पाहून वाढलेली माणसे त्याच्यावर प्रेम करतात आणि ज्यांनी आधी पुस्तक वाचले ती हळहळतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण लेखकाचे दुःख लक्षात घेण्यासारखे आहे. वाचणाऱ्या मुलाला कल्पनेच्या जगात जी ताकद मिळते ती त्या पुस्तकाचा प्राण होती, आणि त्यांच्या मते पडद्यावर उरली ती केवळ करमणूक. भागवतांचा बिपिन बुकलवार हाही असाच पुस्तकात बुडालेला पोरगा. वाचणारी मुले हाच भागवतांच्या लेखणीचा ध्यास होता.

आमच्या जिल्ह्यातला फेणे

वाचक म्हणतील, एका चित्रपटासाठी एवढा शब्दप्रपंच कशाला? दुसरा पाहा, नाहीतर पाहू नका. पण आम्हाला या चित्रपटात एक अशी गोष्ट दिसते जी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला कदाचित तितकी बोचणार नाही. पडद्यावरचा फेणे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला पुण्यात येतो. बीड जिल्ह्यातल्या किती घरांची ही गोष्ट आहे, हे सांगायला हवे काय? दहावीचा निकाल लागला की पोर लातूरला, पुण्याला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. खोली, मेस, क्लास, सराव परीक्षा. बाप शेत गहाण टाकतो, आई दर आठवड्याला एस.टी.तून डबा पाठवते. आता तर आठवी-नववीपासूनच पायाभरणीचे वर्ग सुरू होतात. २०२४ मध्ये ‘नीट’च्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा अनेक घरांत त्या रात्री चूल नीट पेटली नसेल. या दृष्टीने पाहिले तर चित्रपटाने धरलेला विषय काल्पनिक नव्हता, जळजळीत खरा होता. त्याबद्दल लेखक-दिग्दर्शकांना दाद दिलीच पाहिजे.

पण म्हणूनच ती सल अधिक खोल जाते. ज्या वयात मुलाने फेणे वाचायचा, त्या वयात त्याच्या हातात आता बहुपर्यायी प्रश्नांचा संच असतो. निदान फेणे तरी यातून सुटलेला होता! त्याला कोणी विचारत नव्हते, की बाबा, तुझा परसेंटाइल किती? चित्रपटाने त्यालाही उचलून त्याच रांगेत उभे केले. आमच्या मुलांचे बालपण परीक्षेने खाल्ले होतेच. आता त्यांच्या नायकाचेही खाल्ले.

आणि हे चित्र फक्त अर्ध्या जिल्ह्याचे. उरलेल्या अर्ध्याचे चित्र याहून बिकट आहे. दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती पाच-सहा महिन्यांनी परततात. ज्यांची मुले गावात हंगामी वसतिगृहात राहिली ती थोडीफार शिकतात. जी आईबापांबरोबर गेली, त्यांतली दहा-बारा वर्षांची पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन खोपीपाशी बसते, पाणी भरते, वाढे गोळा करते. तिलाही आपण न विचारता मोठे केले आहे. क्लासला गेलेले मूल आणि कोपीवर गेलेले मूल यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण एका बाबतीत दोघे सारखे. लहान असण्यासाठी लागणारा मोकळा वेळ दोघांनाही आपण दिलेला नाही.

म्हणून ‘फेणेला मोठे कोणी केले?’ हा प्रश्न आम्ही केवळ निर्मात्यांना विचारत नाही. त्यांनी बाजार पाहिला. बाजारात त्यांना मूल दिसले नाही, म्हणून मूल घेतले नाही. पण बाजारात मूल का दिसले नाही? कारण घरात, शाळेत, ग्रंथालयात आपणच ते मागे सारले आहे. शाळेत पुस्तकांचे कपाट असते. त्याची किल्ली कोठे असते? गावच्या वाचनालयात वर्तमानपत्रे वाचायला मोठी माणसे येतात. मुलांसाठी एक कोपरा, एक सतरंजी किती ठिकाणी आहे? बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, किंमत माफक आहे. मुलाच्या क्लासची भरमसाट फी भरणाऱ्या घरांपैकी किती घरांत ते येते? ज्या फुरसुंगीचे नाव भागवतांनी मुलांच्या ओठांवर खेळवले, ते गाव पुढे वर्तमानपत्रात येत राहिले ते पुण्याच्या कचरा डेपोमुळे. बालपणाच्या जागांचे आपण काय करतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

मग करायचे काय? चित्रपटावर रागावून काही साधणार नाही. तो झाला, ज्यांना आवडला त्यांना आवडला. पुस्तकाचे एक बरे असते; चित्रपट कसाही निघाला तरी पुस्तकातले अक्षर हलत नाही. फेणे आजही त्याच पानावर, त्याच वयात, त्याच सायकलवर बसलेला आहे. जी निराशा आपल्याला वाटली ती मुलाला वाटू द्यायची नसेल, तर क्रम तेवढा सांभाळावा. आधी पुस्तक, मग चित्रपट. वाचलेल्या मुलाच्या मनात स्वतःचा एक फेणे तयार झालेला असतो. मग पडद्यावर कोणीही आला तरी ते मूल तुलना करते, भांडते, ‘आमचा फेणे असा नाही’ म्हणून सांगते. असे भांडणारे मूल घरात असणे ही आनंदाची गोष्ट आहे. आधी चित्रपट पाहिलेल्या मुलाला मात्र भांडायला काही हातात नसते.

आणि चित्रपटवाल्यांना एवढेच सांगणे आहे, की फेणे अजून पडद्यावर यायचा आहे. सुमारे २० पुस्तके पडून आहेत. तेरा वर्षांचा एखादा पोरगा शोधा. फुरसुंगीत नसेल तर केज-धारूरच्या डोंगरात शोधा, तेथे सायकल चढावर ओढत नेणारी आणि उतारावर सुसाट सोडणारी पोरे अजून आहेत. त्याला परीक्षेला बसवू नका. त्याला थोडे हिंडू द्या.